चौदातला एक आरा

गोटीरामला नाशकात येऊन अकरा वर्षं झाली होती, पण त्याच्या अंगातला डोंगर काही उतरला नव्हता. सपाट रस्त्यावरही तो अंग पुढं टाकून चालायचा, जणू प्रत्येक पावलापुढं चढ आहे. बोलायचा कमी, आणि बोलला तर सावकाश, एकेक शब्द उचलून जागेवर ठेवल्यासारखा. लोक त्याचा टांगा शोधत येत ते या संथपणासाठीच. बाळंतीण घरी न्यायची असली, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं म्हातारं माणूस घरी सोडायचं असलं, की स्टँडावर येऊन विचारत, "तो हरसूलवाला कुठंय?"

त्याची घोडी मैना. बदामी रंगाची, कपाळावर पांढरा टिळा. जनावर गुणी, पण तिला एक खोड होती. उभी केली की ती सावली धरायची. सावली हातभर सरकली की मैनाही टांग्यासकट हातभर सरकायची. स्टँडावरचा हारुन टांगेवाला हसून म्हणायचा, "गोटीराम, तुला घड्याळ कशाला रे? घोडी किती सरकली ते बघितलं, की वाजले किती ते कळतं." गोटीरामला या हसण्याचा राग येत नसे. सावलीत उभं राहावंसं वाटणं यात जनावराचं काय चुकलं, असं त्याला मनापासून वाटायचं.

हरसूलकडं, त्याच्या पाड्यावर, वाटा अरुंद. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्या कधी एकमेकींना घासायच्या. तेव्हा दोन्ही गाडीवान खाली उतरत, हात जोडत आणि दोघंही एकदमच म्हणत, "चुकलं माझं." मग एकमेकांच्या बैलांच्या पाठीवरून हात फिरवत. त्यानंतर दगडावर बसून, तंबाखू मळून, चूक नेमकी कोणाची ते निवांत ठरवत. त्या पाड्यावर 'चुकलं' म्हणणं ही कबुली नव्हती. तो रामराम होता. तो न करता जो भांडायला उभा राहील, त्याला माणसात धरत नसत. गोटीरामच्या बापानं त्याला गाडी हाकायला शिकवली, ती या शब्दापासून.

हीच शिकवण त्याला नाशकात एक दिवस नडली.

एकोणीसशे सत्त्याहत्तर साल होतं. दसरा होऊन आठ दिवस झाले होते. दसऱ्याला टांग्याची दोन्ही चाकं नव्यानं रंगवलेली होती. एका चाकाला चौदा आरे, एक तांबडा, एक हिरवा, पुन्हा तांबडा, पुन्हा हिरवा. चाक पळायला लागलं की दोन्ही रंग एकमेकांत मिसळून जायचे. भद्रकालीच्या मागच्या गल्लीत अमिनाभाभीचं दुकान होतं, तिथं ही चाकं रंगत. तिचा नवरा कादरमिस्त्री टांग्याची चाकं करायचा. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, दुकान बंद होणार. चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी अमिनाभाभीनं पदर खोचला, त्याचा लाकूड तासायचा वाकस उचलला आणि अर्धवट राहिलेलं चाक पुरं केलं. तेव्हापासून शहरातले निम्मे टांगे तिच्या चाकांवर पळत होते.

तर त्या दिवशी दुपारी गोटीराम गंगापूर रोडला एका गिऱ्हाइकाला सोडून परतत होता. ऑक्टोबरचं ऊन डोक्यात उतरत होतं. शेतीच्या औषधांच्या एका दुकानाजवळ मोठी चिंच होती. तिच्या सावलीत त्यानं टांगा कडेला घेतला, लगाम हाताला गुंडाळला आणि बसल्या जागी त्याचा डोळा लागला.

त्याला जाग आली ती कडाड् आवाजानं. टांगा हादरला, मैना फुरफुरली. गोटीरामनं डोळे उघडले, तर उजव्या चाकात एक पांढरी फियाट मागच्या अंगानं घुसलेली. बंपरचं टोक आऱ्यांमध्ये रुतलेलं, मागचा लाल दिवा फुटून काचा मातीत पडलेल्या.

गाडीतून पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ उतरले. निफाडचे पुंजारामनाना. द्राक्षाचे बागाईतदार. बागेच्या फवारणीसाठी मोरचूद घ्यायला आले होते. फियाट घरात येऊन पंधरा दिवस झाले होते. पूजेचं कुंकू अजून बॉनेटवर तसंच होतं.

नाना तोंड उघडायच्या आत गोटीराम टांग्यातून खाली उतरला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं माझं."

मग तो वाट बघत उभा राहिला. समोरचा माणूसही आता हेच म्हणेल, मग दोघं चिंचेखाली बसू आणि काय झालं ते बघू.

नाना म्हणाले, "चुकलं ना? मग झालं तर! ऐका हो सगळ्यांनी, हा स्वतःच्या तोंडानं म्हणतोय." गोळा झालेल्या माणसांकडं वळून ते पुढं म्हणाले, "माझी गाडी इथं लागत होती. ह्याची घोडी चालत आली आन् मधी शिरली. हा तर झोपला होता!"

गोटीराम मैनेकडं वळला. झोपलो होतो हे खरं. आणि मैना सरकते हेही खरं. त्यानं वर बघितलं. चिंचेची सावली खरंच सरकली होती. मैना आता सावलीत होती, का आधीपासून होती, त्याला आठवेना.

वाहतुकीचे हवालदार सहादू आले. पोट सुटलेले, मिशा पिळलेल्या, पण माणूस सरळ. त्यांनी विचारलं, "काय रे हरसूलवाल्या, घोडी हलली का?"

"मला म्हाईत नाय, साहेब."

"मग चुकलं कशाला म्हणाला?"

"ते तर म्हणायचंच असतं."

माणसं हसली. हवालदारही हसले, पण वहीत लिहायचं ते त्यांनी लिहिलं.

नाना म्हणाले, "हवालदारसाहेब, मला ह्या गरिबाकडून एक पैसा नको. दिवा माझा मी बसवीन. पण मालक झोपलेला आन् घोडी आपल्या मनानं चालती, असं जनावर शहरात नको. उद्या एखादं लेकरू चाकाखाली आलं तर?"

हे बोलणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते गोटीरामला जास्त लागलं. हवालदारांनी हात पुढं केला. गोटीरामनं दंडाला बांधलेला पितळी बिल्ला सोडून त्यांच्या हातावर ठेवला. टांगा हाकायची परवानगी त्या बिल्ल्यात होती. "उद्या सकाळी दहाला चौकीवर या दोघं," हवालदार म्हणाले. "तुझी चूक ठरली तर बिल्ला जाईल, गोटीराम. अन् अशी घोडी पुन्हा टांग्याला जुंपू देणार नाहीत, हे आत्ताच सांगतो."

बिल्ला गेला की टांगा गेला. टांगा गेला की मैना विकायची. पुढचं गोटीरामला दिसत नव्हतं आणि बघायची हिंमतही होत नव्हती.

तो टांग्यात बसला नाही. मैनेच्या तोंडाशी धरून, चाक लंगडू नये म्हणून पावलापावलानं, तो भद्रकालीपर्यंत चालत गेला. वाटेत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. अकरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

अमिनाभाभी दारातच बसली होती, पायात एक आरा दाबून रंधा मारत. टांगा बघून ती ओरडली, "या अल्ला! आठ दिवस झाले नाहीत रंगवून, काय करून आणलंस रे?"

"आरा मोडला, भाभी. आजच्या आज बदला. रंगबी द्या. उद्या चौकीवर जायचंय. मोडका टांगा घिऊन हवालदारासमोर कसा जाऊ? निदान नीटनेटकं दिसलं तर त्यांना वाटंल, माणूस काळजीवाला हाय."

"आधी सांग, झालं काय?"

गोटीरामनं सगळं सांगितलं. झोप, सावली, 'चुकलं', बिल्ला. सांगताना त्याचा आवाज खाली खाली जात राहिला. अमिनाभाभीचं मात्र त्याच्याकडं लक्षच नव्हतं. ती चाकापाशी उकिडवी बसली होती. चष्मा कपाळावरून नाकावर आला होता आणि बोटाचं टोक एका आऱ्यावरून दुसऱ्या आऱ्यावर फिरत होतं, पोळी भाजली का बघावं तसं.

"घोडी हलली असंल," गोटीराम म्हणाला. "ती हलतीच."

"चूप बस."

तिनं चाकाभोवती पुन्हा एक चक्कर मारली. मग उठून कमरेवर हात ठेवले. "गोटीरामभाऊ, मी हा आरा बदलणार नाही."

"भाभी!"

"आज नाही बदलणार. रंगाचं बोटसुद्धा लावणार नाही. हे चाक असंच उद्या चौकीवर जाईल."

"भाभी, माझी चेष्टा होईल. मी चुकलं म्हणून बसलोय. आता शब्द फिरवू का?"

"तू शब्द फिरवू नकोस. तू बोलूच नकोस. तुझं बोलणं ऐकून तर हे झालं!" ती चिडली की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. "तुला माहीत नाही, हवालदाराला माहीत नाही, त्या नानालाही माहीत नाही. माहीत कोणाला आहे? चाकाला. आणि चाक माझं आहे."

गोटीरामला यातलं फारसं कळलं नाही. पण त्या दिवसात त्याच्याशी इतक्या ठामपणे, त्याच्या बाजूनं, कोणी बोललं नव्हतं. दोघांनी मिळून चाक उतरवलं, टांगा दगडांच्या टेकूवर ठेवला. मैना हारुनकडं बांधली.

सकाळी नऊला अमिनाभाभीनं दुकानाला कडी घातली. त्या दिवशी दोन चाकं द्यायची होती, ती राहिली. तिनं पदर डोक्यावरून ओढून घट्ट खोचला आणि रस्त्यानं चाक लोटत निघाली. गोटीराम मागं खांद्यावर पहार घेऊन. पन्नाशीची बाई, पुढं तिच्या छातीएवढं तांबडं-हिरवं चाक, आणि ती त्याला हलकेच थोपटत, वळवत, गर्दीतून काढत नेतेय. लोक वाट देत होते. एका पानवाल्यानं विचारलं, "भाभी, टांगा कुठं सांडला?" ती न थांबता म्हणाली, "येताना भरून आणते."

चौकीत पुंजारामनाना आधीच येऊन बसले होते. चाक दारातून आत येताना बघून सहादू हवालदारांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"हे काय?"

"साक्षीदार आहे, साहेब," अमिनाभाभी म्हणाली.

नाना हसले. "हवालदारसाहेब, आता चाकं बोलाय लागली."

"नाना, तुम्ही वेलीकडं बघून पाणी कमी का जास्त ते सांगता ना?"

"सांगतो. का?"

"वेल बोलते का?"

नाना हसायचे थांबले. "बोला बाई," ते म्हणाले, जरा सरळ बसून.

तिनं दोन स्टुलं मागितली. त्यांच्यावर पहार आडवी टाकली आणि पहारीत चाक ओवलं. चाक अधांतरी उभं राहिलं. मग तिनं सगळ्यांना जवळ बोलावलं. "हा तांबडा आरा. चिरला आहे. बंपर इथं लागला. हे कबूल?"

"कबूल," नाना म्हणाले.

"आता त्याच्या शेजारचा हिरवा बघा. ह्या बाजूचाही, त्या बाजूचाही. रंग आठ दिवसांचा आहे, नखानंसुद्धा निघतो. दिसतो का कुठं ओरखडा?"

हवालदारांनी चष्मा लावला. चौदाच्या चौदा आरे बघितले. हिरवे कोरे होते. चिरलेला सोडून बाकीचे तांबडेही कोरे होते.

"नाही," ते म्हणाले. "पण त्यानं काय होतं?"

"खडू द्या." फळ्यापाशी खडू होता. तो तिनं नानांच्या हातात दिला. "हा तुमचा बंपर. धरा इथं. हलवू नका."

नानांनी खडू धरला. तिनं चाकाला जोरात धक्का दिला. खडखडखड आवाज झाला, खडूचा तुकडा उडाला. चाक थांबवलं तेव्हा चौदाही आऱ्यांवर पांढरे फराटे होते. तिनं ते पदरानं पुसले.

"हे झालं टांगा पळत असता तर. पण मैना काही पळत नव्हती. ती सरकते, हे सगळ्या स्टँडाला माहीत आहे. एकच पाऊल टाकलं असं धरू." तिनं चाक एका पावलाएवढंच फिरवलं, हळू. खडू तीन आऱ्यांना लागला. "अर्धं पाऊल." पुन्हा पुसून तिनं ते त्याहून कमी फिरवलं. दोन आऱ्यांना फराटा आला, एक तांबडा, एक हिरवा.

मग ती बाजूला झाली. "आता चाक उभं आहे. नाना, बंपर तुम्ही आणा."

नानांनी खडू पुढं नेला. तो एकाच आऱ्याला टेकला.

गोटीरामनं चाकाकडं बघितलं, खडूकडं बघितलं, आणि त्याच्या डोक्यात हळूहळू उजाडत गेलं. मैना हलली नव्हती. अर्धं पाऊलही नाही. काल दुपारपासून तो तिच्याशी बोलला नव्हता.

नाना चिवटपणे म्हणाले, "घोडी चालत येऊन थांबली असंल, आन् मग लागलं असंल."

"थांबली होती ना?" हवालदार म्हणाले. "मग उभी होती म्हणा की, नाना! उभ्या टांग्याला गाडी लागली तर चूक कोणाची, हे मला निफाडहून शिकून यावं लागंल का?"

नानांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. मग बोलले, ते कोणाकडंही न बघता. "बागेत दोन ओळींच्या मधून ट्रॅक्टर मागं घ्यायचा म्हणजे एकाच अंगाला बघायचं. तारेच्या अंगाला. दुसऱ्या अंगाला आपलीच बाग. तिथं कोण येणार? काल मी दुकानाच्या पायरीकडंच बघत होतो. चिंचेकडं वळून बघितलंच नाही."

मग ते गोटीरामकडं वळले. "पण मग तू पहिल्यांदाच चुकलं का म्हणाला, बाबा? तू नसता म्हणाला, तर मी निदान मागं वळून विचार केला असता. तू म्हणाला अन् मला वाटलं, सुटलो."

गोटीरामनं त्यांना पाड्यावरची रीत सांगितली. अरुंद वाट, दोन गाडीवान, जोडलेले हात. सांगून झाल्यावर म्हणाला, "मी वाट बघत व्हतो, नाना. तुमी म्हणाल म्हणून."

पुंजारामनाना मोठे बागाईतदार होते. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि असा माणूस चौकीत, हवालदारासमोर, सहसा वाकत नाही. ते उठले. हात जोडले. "चुकलं माझं," ते म्हणाले. एक दिवस उशिरा, पण शब्द तोच. गोटीरामनं त्यांचे हात खाली घेतले आणि नुसतेच धरून ठेवले.

हवालदारांनी कपाटातून बिल्ला काढला. "घे. आणि टांग्यात झोपू नकोस. हे आता चाकानं नाही, मी सांगतोय."

"नाय झोपणार, साहेब."

बाहेर आल्यावर गोटीरामनं अमिनाभाभीला काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. ही बाई त्याची कोणी नव्हती. तिच्यावर त्याचे उपकार नव्हते, तिला त्याच्याकडून काही मिळायचं नव्हतं. तिनं दुकान बंद ठेवलं होतं, दोन गिऱ्हाइकांच्या शिव्या खाणार होती, आणि भर रस्त्यानं चाक लोटत आली होती. एवढ्याला पुरेल असा शब्द त्याच्याजवळ नव्हता. शेवटी तो म्हणाला, "भाभी, तुमी व्हतात म्हणून."

"मी कुठं काय केलं? चाकानं केलं. चल, लोट आता तू. माझा खांदा गेला."

भद्रकालीला पोचल्यावर गोटीराम आधी हारुनकडं गेला. मैनेच्या मानेवर कपाळ टेकून तो बराच वेळ उभा राहिला. हारुन लांबून म्हणाला, "काय रे, नवरा-बायकोचं मिटलं का?" गोटीराम वळला नाही, पण त्याचे खांदे हसत होते.

दुपारी अमिनाभाभीनं नवा आरा घडवला, ठोकला, चाक चढवलं. रंग वाळायला वेळ लागणार होता. गोटीरामनं मैना जुंपली, दंडाला बिल्ला बांधला आणि टांगा दुकानासमोर आणून उभा केला.

"बसा, भाभी."

"मी? कुठं?"

"कुठंबी. गंगेवर जाऊन येऊ."

अमिनाभाभी थबकली. वीस वर्षं ती टांग्याच्या चाकांत जगली होती. नवं चाक चढवलं की टांग्याच्या बाजूनं गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायची, कान लावून. पण टांग्यात गिऱ्हाइकासारखी ती कधी बसली नव्हती. कादरमिस्त्री असतानाही नाही. तशी वेळच आली नव्हती. तिनं हात पदराला पुसले, इकडंतिकडं बघितलं, आणि गल्लीतल्या बायका बघत असतानाच पायरीवर पाय ठेवून चढली.

गोटीराम नेहमीपेक्षाही हळू निघाला. उतारावरून गोदाकाठ दिसायला लागला, तशी गार हवा आली. पात्रावर दुपारचं ऊन पसरलं होतं, घाटावर धुणं वाळत होतं, लांब कुठंतरी देवळाची घंटा वाजत होती. त्याला वाटलं, भाभी आता काहीतरी म्हणेल, नदीबद्दल, वाऱ्याबद्दल. त्यानं मागं वळून बघितलं. तिनं डोळे मिटले होते आणि मान एका अंगाला कलती केली होती.

"बरं वाटतंय ना, भाभी?"

"गप. ऐकू दे." थोडा वेळ गेला. "डाव्या चाकात कुरकूर आहे. उद्या घेऊन ये."

"आणतो," गोटीराम म्हणाला. आणि मैनेला थांबवायचं सोडून त्यानं घाटाला आणखी एक वळसा घातला.